प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी: स्टेज कशी वाचायची आणि नाशिकमध्ये राहून सराव कशाचा करायचा?

गोदाकाठ

स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं. त्याची शाळकरी वयातली नेमबाजी नाशिकची. तेव्हापासून ओळखीतली बरीच मुलं माझ्याकडे नेमबाजीची चौकशी करतात. बहुतेक जण १० मीटर एअर पिस्तूलने सुरुवात करतात आणि तेच योग्य आहे. पण त्यातले काही जण मोबाईलवर आयपीएससीचे, म्हणजे पळत पळत टार्गेट मारायच्या प्रॅक्टिकल पिस्तूल सामन्यांचे व्हिडिओ बघून येतात आणि विचारतात, "दादा, हे पळत पळत मारायचं कसं शिकायचं?"

चेक प्रजासत्ताकात ब्र्नोला नोकरी असताना मी तिथल्या क्लबमध्ये हा खेळ खेळलो आहे. आता नाशिकच्या अंबडला कायमचा परतलो. एकेकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो, म्हणजे चर्चाही होईल.

आयपीएससी ही संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. पहिले अध्यक्ष जेफ कूपर. बोधवाक्य लॅटिनमधलं तीन शब्दांचं आहे: अचूकता, ताकद, वेग. यातल्या एकाच गोष्टीत पारंगत असलेला माणूस इथे जिंकत नाही, आणि ते गुणांच्या पद्धतीतच बसवलेलं आहे.

पद्धत अशी. सामना स्टेजमध्ये विभागलेला असतो. एक स्टेज म्हणजे टार्गेट आणि आडोशांची एक मांडणी, जी घड्याळावर पूर्ण करायची. पुठ्ठ्याच्या टार्गेटवर ए, सी आणि डी असे तीन झोन असतात. मायनर (कमी ताकदीच्या गोळीच्या) पॉवर फॅक्टरला त्यांचे गुण ५, ३ आणि १. मेजरला (जास्त ताकदीच्या) ५, ४ आणि २. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले तिचा फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले १०००. मायनरसाठी हा आकडा किमान १२५ लागतो. गोळी टार्गेटला लागलीच नाही तर १० गुण वजा, मारायचं नसलेल्या टार्गेटला लागली तरी १० वजा. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागलं की मिळतो तो हिट फॅक्टर. त्या स्टेजवर ज्याचा हिट फॅक्टर सर्वांत जास्त, त्याला स्टेजचे पूर्ण गुण. बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात.

उदाहरण घेऊ. १२ टार्गेट, प्रत्येकी दोन गोळ्या, म्हणजे २४ गोळ्या आणि १२० गुणांची स्टेज. तिघेही मायनर.

पहिल्याने सगळे ए मारले, २० सेकंद घेतले. हिट फॅक्टर ६.००.
दुसऱ्याने १८ ए आणि ६ सी मारले, १०८ गुण, १७ सेकंद. हिट फॅक्टर ६.३५.
तिसऱ्याने १५ ए, ६ सी, २ डी आणि एक मिस. ८५ गुण, १५ सेकंद. हिट फॅक्टर ५.६७.

दुसऱ्याला पूर्ण १२० मिळतात, पहिल्याला ११३ च्या आसपास, तिसऱ्याला १०७. सर्वांत अचूक माणूस हरला आणि सर्वांत वेगवान माणूस त्याच्याही मागे राहिला.

आता मुद्द्यावर येतो, कारण व्हिडिओ बघणाऱ्यांचा गैरसमज इथेच असतो. त्यांना वाटतं, वेग म्हणजे ट्रिगर भराभर दाबणं. हिशोब करून बघा. १२ टार्गेटवर दुसरी गोळी पाव सेकंदात मारत असाल तर त्या बारा दुसऱ्या गोळ्यांना मिळून ३ सेकंद लागतात. मरमर करून ते अंतर पावचं वीस शतांशावर आणलं तरी वाचतात फक्त ०.६ सेकंद, आणि त्या नादात दोन-चार ए चे सी होतात. पहिल्याच्या २० सेकंदांतले उरलेले १७ कुठे जातात? पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमधून काढण्यात, एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाण्यात, एका जागेवरून दुसरीकडे पळण्यात, तिथे पोचून स्थिर होण्यात, रिलोड करण्यात, म्हणजे मॅगझिन बदलण्यात, आणि "आता कुठलं?" हे आठवण्यात. चार जागांची स्टेज असेल आणि प्रत्येक जागी पोचल्यावर पहिली गोळी अर्धा सेकंद लवकर गेली, तर दोन सेकंद वाचतात, तेही एकाही गुणाला धक्का न लागता.

म्हणून माझं ठाम मत आहे की या खेळातली प्रगती दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेत होते, आणि तो मधला वेळ जवळजवळ पूर्णपणे गोळीविना सुधारता येतो. नाशिकमध्ये बसून शिकता येण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. बोला.

पंचवटीकर

मस्त धागा. वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अनिकेत_एअरपिस्तूल

दादा, मी तीन वर्षं १० मीटर खेळतोय. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय की दहा गुणांपेक्षा कमी काहीही चालणार नाही. आमचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. तुमचा ए झोन रुंदीलाच साधारण १५ सेंटिमीटर. मग तिथे सी मारणं माफ कसं? आणि हे ठरवायचं कसं की इथे सी चालेल, तिथे नाही?

गोदाकाठ

@अनिकेत, माफ नाही, त्याची किंमत ठरलेली आहे. ती किंमत सेकंदात काढायला शीक.

हिट फॅक्टर ६ ची स्टेज म्हणजे एक सेकंद बरोबर ६ गुण. ए ऐवजी सी गेला तर मायनरला २ गुण गेले, म्हणजे ०.३३ सेकंद. डी गेला तर ०.६७. मिस झाली तर ए चे ५ गेले आणि वर १० वजा, एकूण १५ गुण, म्हणजे अडीच सेकंद. शंका आली आणि पुन्हा एक गोळी मारली तर जेमतेम ०.३ सेकंद लागतात. तेव्हा मिसची शंका आली की तिथल्या तिथे दुसरी मारायची, विचार करत बसायचं नाही.

आता हिट फॅक्टर १० ची स्टेज घे. टार्गेट जवळ, पळणं जवळजवळ नाहीच. तिथे सी ची किंमत फक्त ०.२ सेकंद. आणि ३ ची घे. लांब टार्गेट, खूप पळापळ. तिथे एका सी ची किंमत ०.६७ सेकंद आणि मिसची तब्बल पाच सेकंद.

यातून निघणारी गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. ज्या स्टेजमध्ये खूप पळायचं आहे तिथे माणसाला घाई सुटते, पण गुण सर्वांत महाग तिथेच असतात. तिथे पायांनी जीव तोडून पळायचं आणि थांबल्यावर शांतपणे ए मारायचे. उभ्या जागी सहा-आठ गोळ्यांची जवळची स्टेज असेल तिथे हात मोकळा सोडायचा. चांगला खेळाडू एकाच सामन्यात दिवसभर वेग बदलत असतो, आणि एकाच स्टेजमध्येसुद्धा. पिस्तुलावरची नेम धरायची खूण, म्हणजे साईट, सात मीटरवरच्या उघड्या टार्गेटला जेवढी बघून पुरते तेवढी वीस मीटरवर अर्ध्या झाकलेल्या टार्गेटला पुरत नाही. टार्गेट जेवढं मागतं तेवढंच बघायचं. कमी नाही, जास्तही नाही.

तुझं १० मीटरचं शिक्षण वाया जात नाही. ट्रिगर सुटताना फ्रंट साईट कुठे होती हे तुला दिसतं ना? प्रॅक्टिकलमध्ये याला शॉट कॉल करणं म्हणतात. ज्याला ते येतं तो टार्गेटकडे पुन्हा बघायला थांबत नाही, गोळी कुठे गेली ते त्याला आधीच माहीत असतं.

देवळालीचा_सुभेदार

लेख वाचला. मी तोफखान्यातून निवृत्त. जवानांना छोटी हत्यारं शिकवण्यात बरीच वर्षं गेली. दोन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली, सुरक्षा. गोदाकाठ यांनी गुणांचं गणित आधी मांडलं, सुरक्षेबद्दल एक ओळही नाही. वाचणारी मुलं कोवळी आहेत. हे आधी यायला हवं होतं.

दुसरी, वेगाची चर्चा मुलांसमोर लवकर करू नये. ग्रिप, ट्रिगर, साईट हे अंगवळणी पडायला दोन-तीन वर्षं लागतात. त्याआधी टायमर हातात दिला की मुलगा ट्रिगर झटकायला लागतो, आणि एकदा बोटाला झटक्याची सवय लागली की ती काढता काढता नाकी नऊ येतात. माझ्या हाताखालून गेलेल्या किती जणांत हे पाहिलंय.

गोदाकाठ

सुभेदार साहेब, सुरक्षेचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, तपशील देतो. आयपीएससीत पुढच्यापैकी काहीही झालं की त्या सामन्यातून खेळाडू बाद, मग तो जगज्जेता असो. नळी समोरच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना ठरलेल्या ९० अंशांच्या बाहेर गेली. पिस्तूल हातातून पडलं. पळताना, रिलोड करताना किंवा अडकलेली गोळी काढताना बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) आत राहिलं. नको तेव्हा गोळी सुटली. स्वतःच्याच हातापायावरून नळी फिरली. रेंज ऑफिसर प्रत्येक नेमबाजाच्या मागे सावलीसारखा फिरतो ते याचसाठी. त्याची परवानगी नसेल तर पिस्तूल भरायचं सोडाच, होल्स्टरमधून काढायचंही नाही.

यात डावपेचही आहे. डावीकडे पळताना उजव्या हाताच्या माणसाची नळी नकळत मागे वळते. त्यामुळे प्लॅन करतानाच ठरवावं लागतं की इथे उलटं सरकायचं का, रिलोड कुठल्या टप्प्यावर करायचा. रिलोड करताना बहुतेकांची नळी आकाशाकडे किंवा बाजूला जाते.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी थोडा वेगळा आहे. ट्रिगर झटकण्याचा धोका खरा आहे. पण "आधी तीन वर्षं फक्त अचूकता, मग वेग" असं केलं की मुलगा हळू हालचालींमध्येच पक्का होतो. वेगात ग्रिप कशी तुटते आणि साईट कशी उसळते, हे वेगात गेल्याशिवाय दिसत नाही. सरावात दोन्ही लागतं. काही फेऱ्या जिथे फक्त ए मान्य, टायमर बंद. काही फेऱ्या जिथे मुद्दाम मर्यादेपलीकडे जायचं आणि काय बिघडलं ते बघायचं. सामन्यात मात्र या दोन्हींच्या मधलं, जे आज हाताशी आहे तेच वापरायचं.

देवळालीचा_सुभेदार

मर्यादेपलीकडे जाणं प्रौढ माणसाला ठीक. पंधरा वर्षांच्या मुलाला मी ते करू देणार नाही. इथे आपलं मत वेगळं राहू द्या.

बाकी मुद्दे पटले. नळी वळण्याबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के.

टेक्सासचा_नाना

मूळचा गंगापूर रोडचा, सध्या ह्यूस्टनजवळ. मी यूएसपीएसएचे सामने खेळतो, म्हणजे आयपीएससीचीच अमेरिकेतली शाखा.

गोदाकाठ, रिलोडबद्दल सविस्तर लिहा ना. माझ्या क्लबमधल्या नवीन लोकांचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. पिस्तूल रिकामं होऊन स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे अडकते आणि मग उभ्या उभ्या मॅगझिन शोधत बसतात.

आणि डोळ्यांबद्दल. मला एका जुन्या खेळाडूने सांगितलं होतं, डोळा आधी, पिस्तूल मागून. एका टार्गेटवरून दुसऱ्याकडे जाताना साईटबरोबर डोळा ओढत न्यायचा नाही. डोळा थेट पुढच्या टार्गेटच्या नेमक्या एका ठिपक्यावर नेऊन ठेवायचा, हात आपोआप तिथे येतो आणि तिथेच थांबतो. अख्ख्या पुठ्ठ्याकडे बघितलं की पिस्तूल पुढे घसरतं आणि परत आणावं लागतं. हे मी एवढ्या एका वाक्यावर महिनोन्महिने काम करून शिकलो.

गोदाकाठ

नाना, डोळ्यांचं अगदी नेमकं लिहिलंत.

रिलोड. प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये, म्हणजे कारखान्यातून येतात तशा साध्या पिस्तुलांच्या गटात, मॅगझिनला जास्तीत जास्त १५ गोळ्या. लांब स्टेज ३२ गोळ्यांपर्यंत असते, म्हणजे दोन रिलोड आलेच. नियमाप्रमाणे कुठल्याही एका जागेवरून गुण देणाऱ्या नऊपेक्षा जास्त गोळ्या मारता येऊ नयेत अशी स्टेज रचायची असते, त्यामुळे खेळाडूला हलावंच लागतं. मग रिलोड त्या हलण्यात लपवायचा. जिथे पाच-सहा पावलं टाकायची आहेत तिथे तो जवळजवळ फुकट पडतो. उभ्याने केला तर एक-दीड सेकंद सरळ वाया.

म्हणून मॅगझिनमध्ये पाच गोळ्या शिल्लक असल्या तरी पुढच्या मोठ्या टप्प्यावर ते टाकून नवीन भरायचं. जमिनीवर पडलेल्या पाच गोळ्यांचा जीव तुटतो, पण गुण त्यांचे नाहीत. आणखी एक, प्रत्येक जागी किमान दोन गोळ्यांची सवड ठेवायची. पॉपर (गोळी लागली की पडणारं लोखंडी टार्गेट) पहिल्या गोळीत पडला नाही तर? पॉपर पडल्याशिवाय त्याचे गुण नाहीत. नेमक्या मोजून ठेवलेल्या गोळ्यांच्या प्लॅनची अशा वेळी घडी विस्कटते.

रश्मी_सिडको

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, एअर पिस्तूल खेळते. तिनेही हे व्हिडिओ बघितलेत आणि घरात पळत पळत बोटाने निशाणा धरते. दोन प्रश्न. हे आपल्याकडे खेळता येतं का, कायद्याने? आणि यामुळे तिचा १० मीटरचा खेळ बिघडेल का? तिच्या सरांना विचारायला ती घाबरते.

शरणपूर_वकील

कायद्यापुरतं मी सांगतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. आयपीएससीच्या हँडगन स्पर्धेला किमान ९ बाय १९ मिलिमीटरची गोळी लागते, आणि ती आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या व्यासाच्या वर्गात) मोडते. सामान्य नागरिकाला तिचा परवाना मिळेल अशी आशा धरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात.

.१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. १० मीटरचं एअर पिस्तूल यात आरामात बसतं. तरी ते पिशवीत बंद करून न्यायचं, खरेदीची पावती जवळ ठेवायची आणि गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात काढायचं नाही. खालून बघणाऱ्याला ते खरं पिस्तूलच दिसतं. परवान्याच्या बाकी शंका असतील तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत प्रत्यक्ष जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवरच्या माहितीवर जाऊ नका.

गोदाकाठ

वकील साहेब, आभार. रश्मीताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

चौदाव्या वर्षी तिचा मुख्य खेळ १० मीटरच राहू द्या. तिला वेगाची ओढ असेल तर आपल्या देशात त्याला राजरस्ता आहे, २५ मीटर. महिलांच्या २५ मीटर पिस्तूलमध्ये निम्म्या गोळ्या प्रिसिजनच्या (सावकाश, अचूक), निम्म्या रॅपिडच्या (झटपट). रॅपिडमध्ये टार्गेट तीन सेकंद समोर, सात सेकंद बंद, आणि प्रत्येक वेळी पिस्तूल खालून वर आणून एक गोळी. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण घेतलं. कोल्हापूरची मुलगी. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये तर पाच टार्गेटवर पाच गोळ्या, आधी ८, मग ६, मग ४ सेकंदांत. विजय कुमारने लंडन २०१२ ला यातच रौप्य मिळवलं. चार सेकंदांत पाच टार्गेट म्हणजे डोळा आधी, पिस्तूल मागून, हे तिथेही तसंच लागू. .२२ च्या पिस्तुलाने रीतसर रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हे शिकता येतं. पुण्याला बालेवाडीची रेंज त्यासाठी आहेच.

आणि सरांना जरूर विचारायला सांगा. चांगला प्रशिक्षक अशा प्रश्नावर चिडत नाही.

अनिकेत_एअरपिस्तूल

मग घरी नेमकं काय करायचं? आमच्याकडे ना ९ एमएम, ना होल्स्टर.

गोदाकाठ

अनिकेत, तुझ्याकडे जे आहे त्याने कितीतरी होतं. थोडं विस्ताराने लिहितो.

आधी खोलीची शिस्त. ड्राय प्रॅक्टिस (गोळीविना सराव) करताना खोलीत छर्ऱ्यांचा डबाही नसावा. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः दोनदा बघायचं. समोर पक्की भिंत हवी, दार किंवा खिडकी नको. धाकटी भावंडं खोलीत आली की सराव बंद. तुझ्या पिस्तुलाला ड्राय फायरची सोय असेल तरच ट्रिगर ओढ, नाहीतर नुसतं उचलणं आणि साईट बसवणं एवढंच.

एक तृतीयांश आकाराचं टार्गेट कागदावर काढून तीन मीटरवर लाव. ते डोळ्याला नऊ मीटरवरच्या पूर्ण टार्गेटएवढं दिसतं. तशी तीन टार्गेट भिंतीवर अंतर ठेवून लाव. मोबाईलवर शॉट टायमरचं ॲप घे, त्यात सुरुवातीची आणि शेवटची बीप लावता येते. पहिली बीप वाजली की पिस्तूल उचलायचं, तिन्ही टार्गेटवर साईट बसवायची. आरामात जमेल एवढा वेळ आधी ठेव. जमलं की दशांश सेकंदाने कमी कर. जिथे साईट बसण्याआधीच तू पुढे सरकायला लागशील तिथे थांब, आणि कुठल्या टार्गेटला असं झालं ते वहीत लिही. एवढ्यातून कळतं की तुझी नजर उजवीकडे जाताना बरी चालते की डावीकडे. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते.

आता पाय, ज्याकडे एअर पिस्तूलवाल्यांचं कधीच लक्ष जात नाही कारण तुम्ही पुतळ्यासारखे उभे राहता. जागेवर पोचणं हा वेगळा धडा आहे. नवखा माणूस पळत येतो, दोन्ही पाय आपटून थांबतो, मग पिस्तूल वर करतो, मग साईट शोधतो. जाणता खेळाडू शेवटच्या दोन पावलांतच पिस्तूल डोळ्यासमोर आणतो, गुडघे वाकवून ठेवतो, आणि पाय टेकायच्या आधीच साईट टार्गेटवर असते. निघतानाही तसंच, शेवटची गोळी सुटताच वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं. तू शाळेत खो-खो खेळला असशील तर खांबाजवळ वळताना कंबर कशी खाली जाते ते आठव, नेमकं तेच शरीर इथे हवं. यासाठी हातात पिस्तूल अजिबात नको. छोटी टॉर्च दोन्ही हातांत पिस्तुलासारखी धर, भिंतीवर टार्गेट लाव आणि तीन पावलं पळत येऊन तिचा झोत ए झोनवर ठेव. झोत किती हलतो आणि किती वेळाने स्थिर होतो ते स्वतःलाच दिसतं.

ग्रिपबद्दल एकच, दोन हातांची ग्रिप १० मीटरच्या एका हातापेक्षा पूर्ण वेगळी आहे. आधार देणारा हात घट्ट, ट्रिगरचा हात तुलनेने सैल, म्हणजे बोट मोकळं चालतं. ऐंशीच्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनॉस यांनी दोन्ही अंगठे पुढे ठेवून समोरासमोर उभं राहण्याची जी पद्धत रुळवली, तीच आज जगभर दिसते. १० मीटरच्या मोसमात मात्र हे करू नकोस.

टेक्सासचा_नाना

+१. टॉर्चची कल्पना आवडली. माझ्या गॅरेजमध्ये आजच करून बघतो.

पंचवटीकर

मी नेमबाज नाही, पण वाचतोय. स्टेज प्लॅन म्हणजे सगळं आधी पाठ करायचं का? मग ऐनवेळी काही बदललं तर? सुभेदार साहेबांना विचारतो, सैन्यात तर म्हणतात की पहिली गोळी सुटली की योजना संपली.

देवळालीचा_सुभेदार

सैन्यात तसंच असतं, कारण समोर शत्रू आहे आणि तोही डोकं चालवतो. हा खेळ आहे. टार्गेट आधी दिसतं, मोजता येतं, हलत नाही. इथे पाठ न करणं हाच आळस.

गोदाकाठ

साहेबांनी एका ओळीत सांगितलं. थोडी भर घालतो.

सामन्यात नेमबाजांना स्टेज रिकाम्या हातांनी चालून बघायला काही मिनिटं मिळतात. तिथे बघायचा क्रम माझा असा: आधी सगळी टार्गेट मोजायची आणि पत्रकातल्या संख्येशी ताळा करायचा. मग प्रत्येक टार्गेट कुठून कुठून दिसतं ते बघायचं. भिंतीआडचं एखादं टार्गेट दोन जागांवरून दिसतं आणि तिथेच निवड असते. एखादी जागा पूर्ण टाळता आली तर तीन-चार सेकंदांची कमाई. पण त्यासाठी वीस मीटरवरून तिरप्या कोनात मारावं लागत असेल तर सी आणि मिसची किंमत हिशोबात धरायची. स्वतःला येतं तेच ठरवायचं. शेजारचा मुरलेला खेळाडू ज्या फटीतून मारतो ती त्याची, आपली नव्हे.

मग रिलोडच्या जागा. मग पाय कुठे पडणार ते जमिनीवरच्या खुणेसकट. एखादा दगड, पट्टीचा तुकडा, काहीही. शेवटी बाजूला उभं राहून डोळे मिटायचे आणि सगळं मनात खेळून बघायचं, प्रत्येक टार्गेटवरच्या साईटसकट. कुठे चित्र धूसर झालं तर परत तिथे जाऊन बघायचं. रेंज ऑफिसरने "लोड अँड मेक रेडी" (भरून तयार व्हा) म्हटल्यावर प्लॅन बदलायचा नाही, मग आधीच्या माणसाने कितीही चांगलं काही करून दाखवलेलं असो.

ऐनवेळी बिघडलं तर काय, हेही प्लॅनमध्येच धरायचं. टार्गेट विसरलं असं वाटलं तर मागे फिरायचं का? दोन गोळ्यांचं टार्गेट राहिलं तर १० गुण मिळायचे राहतात, वर दोन मिसचे २० वजा आणि त्यावर एकही गोळी न मारल्याचे आणखी १० वजा. ६ च्या हिट फॅक्टरला ४० गुण म्हणजे साधारण ६.७ सेकंद. त्याहून कमी वेळात परत जाता येत असेल तर जायचं. हे गणित पळताना सुचत नाही, म्हणून आधी करून ठेवायचं.

अनिकेत_एअरपिस्तूल

शेवटची शंका. व्हिडिओत हलणारं टार्गेट दिसतं, आधी लोखंडी पडतं आणि मग एक झुलायला लागतं. ते आधी मारायचं की नंतर?

गोदाकाठ

त्याला स्विंगर म्हणतात, पॉपर पडला की तो सुटतो. सुरुवातीला जोरात झुलतो, मग हळूहळू मंद होतो. सर्वसाधारण क्रम असा: आधी पॉपर मारून स्विंगर सोडायचा, मग त्याच जागेवरची स्थिर टार्गेट मारायची, मग शांतपणे स्विंगरकडे. स्थिर टार्गेट संपेपर्यंत त्याचा वेग उतरलेला असतो. झुलत्या टार्गेटच्या मागे पिस्तूल फिरवायचं नाही. तो ज्या टोकाला क्षणभर थांबतो तिथे साईट धरून वाट बघायची आणि आला की दोन गोळ्या. टोकाला ए झोन दिसत नसेल आणि मधोमधच दिसत असेल तर मात्र मधे वाट बघायची. त्यासाठी चालून बघताना पंचांना स्विंगर एकदा सोडून दाखवायला सांगतात, तेव्हा गप्पा न मारता त्याच्या फेऱ्यांची लय मोजायची.

मंडळी, ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी प्रस्ताव. गोल्फ क्लब मैदानाच्या एखाद्या कोपऱ्यात रविवारी सकाळी खोकी आणि सुतळी लावून एक नकली स्टेज उभी करू. हातात काहीच नसेल, फक्त बोट. एकेकाने चालून बघायची, प्लॅन वहीत लिहायचा, मग घड्याळावर पळून दाखवायची आणि लिहिलेल्या प्लॅनशी ताळा करायचा. कोण कोण येतंय ते लिहा. टेप, खडू आणि रिकामी खोकी माझ्याकडे आहेत.

रश्मी_सिडको

आम्ही दोघी येतो. तिच्या सरांनाही विचारलं, ते म्हणाले मीही येतो.

देवळालीचा_सुभेदार

मी येईन. सुरक्षेची पहिली पंधरा मिनिटं माझी.

अनिकेत_एअरपिस्तूल

मी आणि क्लबमधले अजून दोघं. सुभेदार काकांनी नळीच्या ९० अंशांचं प्रात्यक्षिक दाखवलं तर फार बरं होईल, ते वाचून नीट कळलेलं नाही.

देवळालीचा_सुभेदार

दाखवतो. खडू मलाच दे, जमिनीवर रेघ आखूनच दाखवावं लागतं.